रेशमाविषयी मी दिलेली साक्ष

एका घोडीविषयी मी आठ वर्षांपूर्वी खोटे बोललो. ज्याच्यापाशी बोललो तो माझा चुलतभाऊ अंकुशदादा गेल्या महिन्यात गेला. बीडच्या महाविद्यालयात माझा तास सुरू होता. फोनवर त्याची मुलगी मंजू एवढेच म्हणाली, “काका, आबा गेले...” गावाकडच्या एसटीत बसलो तेव्हा डोळ्यांत पाणी होते, आणि लिहायला लाज वाटते, पण त्या पाण्याखाली थोडी सुटकाही होती. अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटली. खांदा देतानाही माझ्या मनात आले, माझ्यामागे इतकी माणसे येतील का?

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नांदूरघाटजवळ आमची शेते बांधाला बांध लागून. मी पुस्तकांत रमलो, तो घोड्यांत. बाराव्या वर्षी तो खोगिराशिवाय माळावर घोडे पळवत असे, आणि मी खाली उभा राहून त्याच्या चपला सांभाळत असे. पुढे मी प्राध्यापक झालो, तरी गावात माझी ओळख राहिली ती ‘अंकुशरावांचा भाऊ’ हीच. रेशमाला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवले, रवाल चाल शिकवली. त्या चालीत स्वाराच्या हातातला भरला तांब्यासुद्धा हिंदकळत नाही. नारायणगडच्या यात्रेत तो तिच्यावरून निघाला की माणसे बाजूला होऊन त्याच्याकडे पाहत, आणि मी त्या माणसांकडे पाहत असे.

मग एका पावसाळ्यात दादाला वाटू लागले, की ती मागच्या उजव्या पायात चुकते आहे. खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नसे. बसल्यावर मात्र दहा-बारा टापांमागे एखादी टाप उशिरा पडल्यासारखी त्याला लागे. नालबंदाने नाल काढून खूर तपासला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांधा न् सांधा दाबून पाहिला. पंधरा दिवस विश्रांती झाली, वहिनींनी दृष्टही काढली. काही सापडेना. शेवटी पारावरची माणसे हसू लागली. “अंकुश्या, घोडी कशाची लंगडती बे, तूच म्हातारा झालास!” दादा हसला नाही.

दिवाळीनंतर मी गावी गेलो तेव्हा त्याने रेशमावर बसून मला एक फेरी दाखवली आणि उतरून लगाम माझ्या हातात दिला. “इष्णू, तू शिकलेला हाइस. जरा बसून बघ, अन् खरं काय ते सांग.” त्या फेरीत मी त्याला पाठीमागून पाहिले होते. त्याचा उजवा खांदा खाली गेला होता. त्याच्या दोन वर्षे आधी तो ट्रॅक्टरवरून पडला, तेव्हापासून त्याची कंबर एका अंगाला कलली होती, आणि सारा भार उजव्या रिकिबीत जात होता. मी जपून वर बसलो आणि रेशमाला ओढ्यापर्यंत नेऊन आणले. ती इतकी सरळ, इतकी अलगद चालली, की दादा रोज कोणत्या सुखात असतो ते मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा कळले. दोष तिच्यात नव्हता. दादाच्या कलत्या भाराला ती बिचारी सावरून घेत होती. कंबर दाखवून घे, तोवर रिकिबीचा पट्टा नीट कर... एवढेच सांगायचे होते.

“काय, लागतंय का तुला बी?” त्याने विचारले.

“लागतंय, दादा,” मी म्हणालो. “मागचा उजवा.”

त्याच्या चेहऱ्यावर दुःखाच्या आधी समाधान आले. “बघ! समदे मला येडा म्हणत हुते. तू एकटा खरं बोललास.”

त्या दिवसानंतर दादा तिच्यावर बसला नाही. “मुकं जनावर हाय. दुखतंय तर बसावं कसं?” विकायचा विषयही त्याने काढू दिला नाही. रोज सकाळी तिला दोराने धरून तो ओढ्यापर्यंत चालवत नेई, स्वतः किंचित कलत. पुढच्या यात्रेला आम्ही दोघे पायीच नारायणगडला गेलो. बाजूला होऊन कोणी पाहिले नाही. त्या वाटेवर मला झालेले सुख मी आजही नाकारू शकत नाही. तिसऱ्या वर्षी त्यानेच विचारले, “पुन्यांदा बसून बघतोस का? बरी वाटती मला.” मी म्हणालो, “नको दादा, उगाच ताण पडेल तिला.” त्याने मान डोलावली...

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी मला गोठ्यापाशी घेऊन गेल्या. मंजू रेशमाला धरून उभी होती. “भावजी, जाताना ते बोलून गेले, रेशमा इष्णूला द्या. तिचं दुखणं त्याला एकट्याला कळलं, त्योच जपंल.” मंजूने दोर माझ्या हातात दिला. माझी मूठ त्यावर आपोआप मिटली आणि क्षणभर, फक्त क्षणभर, मला आनंद झाला. त्या आनंदाची मला जितकी भीती वाटली तितकी कशाचीच वाटली नव्हती. मी दोर मंजूच्या हातात परत दिला. वर्गात इतकी वर्षे बोललो, पण त्या वेळी तोंडातून आली ती लहानपणीची भाषा.

“वहिनी, रेशमाला काही झालं नव्हतं. माझ्याखाली ती सरळ चालली हुती. दादाची कंबर गेलती, आन् ते मला दिसलं हुतं. तरी मी लंगडती म्हणालो. त्याच्यासारखं मला जन्मात बसता येणार न्हवतं, म्हणून म्हणालो. आठ वर्सं माझ्या शब्दावर दादा पायी चालला. मंजू, तू बी ऐक. हे त्याला सांगायला पायजे हुतं, ते तुमाला सांगतोय... मला माफ करा.”