कोमाकेचची कात्री

कोमाकेच आमच्याच गल्लीतला, गुलू शहरातल्या लायिबी वस्तीचा. लग्नांसाठी कॉम्प्युटरवर गाणी बांधायचा आणि मी त्याच्या ठेक्यावर गायचो. 'माझं नशीब फुटकं' असाच आमच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ. बारशाला ज्याने ते सुचवलं, त्याला पुढचं सगळं दिसलं असावं.

त्याच्या मामाच्या, ओलान्याच्या, मुलीचं लग्न ठरलं. मामा लुकेमे वाजवायचा, म्हणजे लाकडी पेटीवरच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडायचा. लेकीसाठी त्याने गाणं रचलं, आम्ही ते एका दमात रेकॉर्ड केलं. आता त्याच्या ओळी सुट्या करून नाचाच्या ठेक्यावर बसवायच्या होत्या.

"हाताने कापत कोण बसणार?" म्हणत कोमाकेचने स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. आवाज थांबला की तिथे तुकडा पाडायचा, एवढंच तिचं काम. पण तुकडाच पडेना. दोन ओळींच्या मध्ये मामा गुणगुणत होता.

"मामा, मध्ये गुणगुणायचं कशाला!"

"मग काय, तुला विचारून श्वास घेऊ?"

किती हळू आवाजाला शांतता धरायचं, ते आकडे कोमाकेचने बदलले, तर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गिळलं गेलं. पुन्हा बदलले. अखेर तुकडे नीट पडले आणि तो खुर्चीतून उडालाच. मग फोल्डर उघडून बघतो तर तुकडे लांबीप्रमाणे लागलेले, आखूड आधी, लांब शेवटी. आणि मूळ गाणं गायब! जागा वाचावी म्हणून काम झाल्यावर ते पुसायची सोय यानेच करून ठेवली होती.

"पुन्हा गाऊन घेऊ," मी म्हटलं. पण मामाचा घसा पार बसला होता आणि लग्न परवावर आलं होतं. कोमाकेचने अंदाजाने ओळी जुळवल्या आणि मामाला ऐकवल्या.

मामा घोगऱ्या आवाजात फिसकारला, "आधी सासरी गेली, मग मागणी आली, मग जन्मली? माझ्या पोरीचं लग्न उलटं लावतोस? मूळ गाणं लाव."

"ते पुसलं गेलं."

"कोणी पुसलं?"

"स्क्रिप्टने."

"आणि स्क्रिप्ट कोणी लिहिली?"

मामाने खुर्ची ओढली. दुपारभर "ही नंतर, गाढवा, ही आधी" असं करत त्याने सगळं गाणं लावून दिलं. एक ओळ मात्र सापडलीच नाही. लेकीला लहानपणी ज्या नावाने हाक मारायचा, तेवढीच ती ओळ. फार आखूड म्हणून स्क्रिप्टने टाकून दिली होती.

"तिथे नुसता ठेका ठेव," मामा म्हणाला.

लग्नात ती जागा आली आणि गर्दीतून मामाने त्या फाटक्या गळ्याने ते नाव घेतलं. नाचता नाचता नवरी थबकली, वळली आणि बापाकडे धावत गेली. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. माझेही डोळे भरून आले.

शेजारी कोमाकेच कपाळाला हात लावून उभा होता. "अर्धा ठेका उशिरा आला रे हा माणूस," तो म्हणाला.