माझ्या नावानं गेलेलं उत्तर

सिकंदराबादला मॅडमच्या मुलीच्या फ्लॅटमध्ये पियानोचा कार्यक्रम होता. छोटाच, घरातल्या घरात. शाळेत असताना मला पियानो शिकवणाऱ्या मॅडम आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेल्या. त्यांच्या मुलीनं आईच्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधून काढलं होतं आणि मला फोनवर मेसेज पाठवला होता. "आईला सांगितलेलं नाही कोण कोण येणार," असं तिनं खाली लिहिलं होतं. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण बावीस वर्षांपासून माझा मॅडमवर राग होता.

आम्ही तेव्हा नांदेडला राहायचो. अप्पांचं कापडाचं दुकान होतं. मॅडमचे यजमान रेल्वेत अधिकारी. त्यांच्या बंगल्यात मॅडमच्या माहेराहून आलेला एक पियानो होता. अव्वा, म्हणजे माझी आई (आमच्या उदगीरकडच्या घरांत आईला अव्वाच म्हणतात), घरी हिंदीच्या परीक्षांची शिकवणी घ्यायची. मॅडमची मुलगी तिच्याकडं यायची, आणि त्या बदल्यात मॅडम मला पियानो शिकवायच्या. मी चौदा वर्षांची होते. आठवड्यातून तीनदा अव्वा मला घेऊन जायची आणि माझं होईपर्यंत व्हरांड्यात बसून राहायची. येताना ऑटोत विचारायची, आज काय शिकलीस. मी तिच्या मांडीवर बोटं वाजवून दाखवायचे.

बारावीच्या परीक्षेनंतर मॅडमच्या यजमानांची सिकंदराबादला बदली झाली. निघताना मॅडम मला म्हणाल्या, "घर मिलते ही चिट्ठी डालूँगी. मेरे पास रह, कॉलेज उधर ही कर. तेरे हाथ अच्छे हैं." अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "जाऊ दे की तीन वर्सं. पोरीला आवड हाय." अव्वा उठून आत गेली. मी बॅग काढून धुवून वाळत घातली.

जून गेला. कॉलेजांचे प्रवेश संपत आले. पत्र आलं नाही, आणि माझ्याकडं त्यांचा पत्ता नव्हता. एका दुपारी मी स्वयंपाकघरात बसून रडले. अव्वा मागून आली, माझ्या डोक्याला तेल लावत म्हणाली, "मोठ्या लोकांचं आसंच आसतं. तिथं गेल्या, इसरल्या. तू मनाला लावून घिऊ नको." मी नांदेडलाच सायन्सला प्रवेश घेतला. पुढं गणितात एम.एस्सी. केलं, लग्नही नांदेडातच झालं, आता ज्युनिअर कॉलेजात शिकवते. पियानोला परत हात लावला नाही.

तरी मी गेले. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. कदाचित मला मॅडमना बघायचं होतं, त्या मला ओळखतात का ते.

पंचवीसेक माणसं होती. दाराबाहेर चपलांचा ढीग, हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, खिडकीशी तोच जुना पियानो. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले. मॅडम आल्या त्या मुलीचा हात धरून. बोटांचे सांधे सुजलेले दिसत होते. पण बसल्या आणि पहिली रचना सुरू केली तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. इतक्या जवळून पियानो ऐकताना नुसते सूर ऐकू येत नाहीत. पायाखालच्या पेडलचा आवाज येतो, वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. दुसरी रचना संपेपर्यंत माझा राग बराच उतरला होता.

तिसरीच्या आधी त्या स्टुलावर वळून बसल्या.

"ये वाला मैं नांदेड में एक लड़की को सिखा रही थी," त्या म्हणाल्या. "वैसे हाथ फिर नहीं मिले मेरे को. मैंने दो चिट्ठियाँ लिखीं, कि आजा, मेरे पास रह. जवाब क्या आया? 'अब संगीत में मेरी रुचि नहीं रही, कृपया मेरी प्रतीक्षा न करें.' अट्ठारह साल की लड़की, ऐसा लिखती?"

लोक हसले. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "बहुत बुरा लगा था," आणि वळून वाजवायला लागल्या.

मी कुठलंही पत्र लिहिलं नव्हतं. मला कुठलंही पत्र आलं नव्हतं. आम्ही नांदेडची पोरं हिंदी बोलायचो ती 'मेरे को नक्को' असली. 'रुचि' आणि 'प्रतीक्षा' लिहिणारं आमच्या घरात एकच माणूस होतं.

तिसरी रचना मी ऐकलीच नाही. मला फक्त डोक्यावरून फिरणारा तेलाचा हात आठवत होता.

कार्यक्रमानंतर चहा आणि केक होता. मॅडमच्या मुलीनं मला त्यांच्यापुढं नेऊन उभं केलं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"तू?"

"जी, मॅडम."

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि सोडून दिले. "आ गई, अच्छा किया," म्हणाल्या. मी सांगायला हवं होतं. आजूबाजूला दहा माणसं उभी होती, आणि माझ्या तोंडून 'ते माझ्या आईनं लिहिलं' हे वाक्य निघेना. मी म्हटलं, "माफ कर दीजिए." जे केलंच नव्हतं त्याची माफी मागून मी तिथून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडची गाडी न धरता बिदर-उदगीरमार्गे लातूरची बस धरली. अप्पा गेल्यापासून अव्वा लातूरला माझ्या भावाकडं असते. पोचले तेव्हा ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. कपाळाला विभूती, पायाशी परात. मला बघून खूश झाली. "न कळवता आलीस," म्हणाली.

मी शेजारी बसले. "अव्वा, बारावीनंतर मॅडमची पत्रं आली होती?"

तिचे हात थांबले नाहीत. "कोन्या मॅडमची?"

"तुला माहितीये."

चार-पाच शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, "हाव. दोन आली व्हती."

"आणि उत्तर?"

"मीच लिवलं."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. येताना सहा तास मी तिच्या नाही म्हणण्याची तयारी केली होती.

"का?"

"तू गेली आसतीस तर परत आली नसतीस. तुझे अप्पा दिवसभर दुकानात, भाऊ शिकायला लातूरला. सासूबाई माझ्याशी बोलत न्हवत्या, तुला म्हाईत हाय. त्या घरात माझ्याशी बोलनारं तू येकटीच व्हतीस."

"मग मला तसं सांगायचं. मी थांबले असते."

"थांबली नसतीस," अव्वा म्हणाली.

ते खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणून मला आणखी संताप आला.

"ते जाऊ दे," मी म्हटलं. "मी रडत होते तेव्हा तू मला म्हणालीस, त्या विसरल्या. बावीस वर्षं मी त्या बाईला वाईट म्हणत आले. तुझ्यासमोर म्हणत आले. तू मान हलवत होतीस."

"मग काय म्हनायचं व्हतं म्या?" असं म्हणून तिनं परातीतले दाणे एका बाजूला सारले. आतून वहिनीची हाक आली, पानं वाढलीत म्हणून. मी जेवले. अव्वानं माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.

नांदेडला परतल्यावर दोन दिवसांनी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. 

"तेरी अम्मी?" त्या म्हणाल्या. "वो तो मेरी बेटी को इतने प्यार से पढ़ाती थी." मग म्हणाल्या, "बाद में नांदेड से और एक लड़की का ख़त आया था, सीखना है बोल के. मैंने जवाब ही नहीं दिया. तेरा ग़ुस्सा था."

ती मुलगी कोण होती हे त्यांना आठवत नव्हतं. "आजा कभी, बजा के जा," त्या म्हणाल्या. बघते, म्हणाले. अजून गेलेले नाही.

लातूरला मात्र दर महिन्याला जाते. अव्वाला डॉक्टरकडं नेते, रक्तदाबाच्या गोळ्या आणते. ती कॉलेजचं विचारते, पोरांचं विचारते. विचारेल तेवढं सांगते. मागच्या खेपेला मी तिच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरत होते, तेव्हा ती वहिनीला म्हणाली, "ही आता पावन्यासारखी येती."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी शनिवारच्या गोळ्या घातल्या, रविवारच्या घातल्या, आणि डबीचं झाकण लावलं.