दगडाखालचा

आमच्या वहिनीला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. हल्ली आमची भांडी आरशासारखी लख्ख असतात.

वहिनी मत्स्यालयात टाक्या सांभाळते. तिच्या दोन टाक्या शेजारी शेजारी आहेत. एकीत समुद्रातले शिंपले, कुठल्याही किनाऱ्यावर ढिगाने सापडणारे. दुसरीत थंड, गोड्या पाण्यात एकच सॅलमँडर. पालीचा थोरला भाऊ म्हणा, फक्त अंग ओलं नि गुळगुळीत. त्याची जात जगातून संपत आली आहे. मध्ये फलक: ‘दोघांची तुलना करा’. लोक करतात की! शिंपल्याला बोट लावलं की तो पटकन मिटतो आणि पोरं खिदळतात. सॅलमँडर दिवसभर दगडाखाली. मग काचेवर धपाधप थापा आणि वर ओरडा, “अहो, ही टाकी रिकामी आहे!”

शेवटी साहेबांनी फर्मान सोडलं, “तो दगड काढा. लोक दगड बघायला येत नाहीत.”

“साहेब, शिंपला घाबरला तर मिटून घेतो,” वहिनी म्हणाली. “याला मिटता येत नाही. दगड काढला तर जाईल कुठे?”

“मग शिकू दे की शिंपल्याकडून काहीतरी!” साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले.

पालथ्या घड्यावर पाणी! दगड निघाला. सॅलमँडर कोपऱ्यात अंग चोरून बसला, त्याने खाणं सोडलं. घरी दादा म्हणाला, “एका पालीपायी किती जीव जाळशील?” मला दादाचाच राग आला. वहिनीने कढई घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला न विचारता दगड परत ठेवला. साहेब भडकले. ती टाकीही त्यांनी खारं पाणी भरून शिंपल्यांना दिली, आणि सॅलमँडर दगडासकट मागच्या सामानाच्या खोलीत, एका टबात गेला. तिथे तो खायला लागला. मत्स्यालयाच्या दारावरच्या मोठ्या चित्रात मात्र अजून तोच आहे, तिकिटं खपवायला. वहिनी आता दिवसभर शिंपल्यांपाशी उभी राहून “हळू हात लावा रे” म्हणत असते.

जेवायच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्या खोलीत जाते आणि आतून कडी लावते. तिथे काय करतेस, असं मी विचारलं.

“काही नाही गं,” ती म्हणाली. “तेवढा वेळ कुणी काच वाजवत नाही.”