मनातून कापलेली तार

ती केस आठवली की आधी मला माझंच हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका बाईकडून तिने न केलेल्या चोरीची कबुली घेतली आणि त्या आनंदात अख्ख्या ठाण्याला जिलेबी खाऊ घातली. जबाब लिहिणाऱ्या मुन्शीला तर दोनदा वाढली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसर भागातल्या एका ठाण्यात मी नवी कोरी सबइन्स्पेक्टर होते. बाई म्हणून एकटीच. वर्दीला इतकी कडक इस्त्री असायची की खुर्चीत बसताना कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. काम कमी आणि आरसा जास्त, असा माझा कारभार.

त्या हंगामात नागपूरकडे जाणारी टेलिफोनची तांब्याची तार कोणीतरी रस्त्याकडेच्या खांबांवरून कापून नेत होतं. पंधरवड्यात दोनदा झालं. नागपूरचा भाव कळत नाही म्हणून संत्र्याचे व्यापारी रोज ठाण्याचे प्रमुख असलेल्या टीआयसाहेबांच्या टेबलासमोर येऊन ओरडायचे. टेलिफोन खात्यातलं कोणीतरी सामील असावं, असा साहेबांना संशय होता.

खबर आणली बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याने. "मॅडम, ते एक्स्चेंजमंदली ऑपरेटरबाई हाय ना, ते ड्युटी सुटली का रोज दुपारी नागपूरच्या बसमंदी बसून राहिली. बोरगावच्या अलीकडंच उतरते. हातात थैली नाही का काही नाही. तिथं तिचं कोनीच नाही."

तार कापली जात होती ती त्याच रस्त्यावर. माझ्या लेखी केस तिथेच सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ठाण्यात बोलावलं. वय पस्तिशीचं, साडी नीट पिन लावलेली. हेडफोनच्या पट्टीने डोक्यावरचे केस दबून तिथे खाच पडली होती. नवरा छिंदवाड्याला नोकरीत, रविवारी यायचा. घरी सासू आणि दोन मुली. मी टेबलावर रूळ ठेवला आणि आवाज जाड केला.

"तार कोण कापून राहिलं?"

"मीच कापली समजा."

"समजा काय? कापली का नाही?"

"कापली."

"कशाला?"

"दिवसभर लोक कानात वरडत राहतात, मॅडम. अर्जंट कॉल लावा, लायटनिंग कॉल लावा. घरी गेली का सासूबाई बोलतात, पोरी बोलतात. मले आयकू येते, पन समजत नाही. लाइन मेली तवा तासभर बरं वाटलं. मंग लोक त्याच्यासाठीही मलेच बोलले. मनातून तं मीच कापली ना."

मुन्शीने पेन थांबवलं. "मॅडम, 'मनातून' लिहू का?"

"कोर्टाला मन नको असतं, मुन्शीजी. तार पाहिजे असते." या वाक्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. पंधरा मिनिटांत कबुली झाली होती. मी जिलेबी मागवली.

टीआयसाहेबांनी मात्र जिलेबी खाता खाता बजावलं, "पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. माल मिळाल्याशिवाय अटक नको." म्हणून तिला सकाळी बोलवायचं आणि संध्याकाळी सोडायचं, असं तीन दिवस चाललं. संशयित कोणीही असो, दुपारपर्यंत तो एकदा तरी विचारतो, घरी कधी सोडता? हिने एकदाही विचारलं नाही. दहाच्या आधी यायची, बाकावर बसायची, भिंतीला डोकं टेकून झोपून जायची. शेजारी आरोपीला दरडावलं तरी जाग नाही. मी साहेबांना म्हटलं, "मुरलेली आहे साहेब, बघा कशी बिनधास्त झोपली."

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, तार विहिरीत टाकली. जीप काढली. बोरगावच्या रस्त्याला एका संत्र्याच्या बगीच्यात तिने आम्हाला नेलं, कुठेही न अडखळता. गळ टाकून पाहिला, दोन माणसं उतरवली. तार नव्हती. मी बगीच्याच्या रखवालदाराला विचारलं, हिला ओळखतोस का?

"हो तं. रोज येते. काठावर बसते, खाली पाहत राहते, मंग बसनं चालली जाते. मी म्हटलं, असन बाईचा काही नवस."

आरोपीला जागा आधीपासून माहीत होती, म्हणजे भक्कम पुरावा. मी ते पंचनाम्यात घेतलं, विहिरीची खोली मोजून घातली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि खाली माझी ठोकली.

ठाण्यात परतलो तर दोन माणसं हातकडी घालून बसलेली. त्याच दुपारी पांढुर्ण्याच्या रस्त्यावर तार कापून भंगारवाल्याकडे नेताना सापडली होती. मागच्या दोन्ही चोऱ्या कबूल करायला त्यांना दीड दिवस लागला. खऱ्या चोराला लागतोच.

मी मात्र त्याच संध्याकाळी तिच्यावर भडकले. माझी जिलेबी वाया गेली होती. "सरकारी नोकरी आहे, नवरा कमावता, पोरी शाळेत जातात. तुला कमी काय आहे? खोटं बोलून आमचा वेळ घालवते."

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या येऊ ना, मॅडम?"

"काही गरज नाही. घरी जा."

अकराव्या दिवशी तो रखवालदार सायकल मारत ठाण्यात आला. आकस्मिक मृत्यूच्या नोंदीला आमच्याकडे मर्ग म्हणतात. तिचा मर्ग मीच नोंदवला. विहिरीची खोली नव्याने मोजावी लागली नाही. माझ्याच कागदावर होती.

हल्ली माझी नात चहासोबत बिस्किट नसलं तरी 'डिप्रेशन आलं' म्हणते. तेव्हा हा शब्द माझ्याकडे नव्हता, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण कागद होता. रोज येते, काठावर बसते, खाली पाहत राहते. खाली माझी सही. पुढच्या सगळ्या नोकरीत, जो झटकन कबूल करायचा त्याला मी आधी विचारायचे, शेवटचं पोटभर कधी जेवलास, झोपलास कधी? त्याने कोणी वाचलं का, मला माहीत नाही. ती तर नाहीच वाचली.

मर्गच्या जबाबासाठी तिची सासू आली. ती मला शिव्याशाप देईल, अशी माझी तयारी होती. तिने अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली, दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "मॅडम, तुमच्या इथं येत होती ना ते तीन दिवस, तवा घरी येऊन दोन-दोन भाकरी खाल्ल्या तिनं. मी इचारलं, तिथं मारत नाही का वं तुले? तं म्हने, नाही, तिथं मले कोनी काही मागत नाही. चोर नव्हती तं नव्हती मॅडम, पन बसू तं द्याचं होतं तिले."