पायात असेल ते घालून आत या

हरकबहादूरच्या डोक्यावर टोपी नाही, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. सव्वा महिना होत आला त्याला. दुपारी शाळेतून येऊन चहा टाकत होते, तर फाटकाची कडी वाजली. दारात हा उभा, आणि ती नेपाळी टोपी हातात. "आत ये" म्हटलं तरी येईना, पायरीवरच बसला. टोपीकडे बघत म्हणाला, "बेबी, बिसनू गयी..." दोन मुलांची आई झालेल्या मला बेबी म्हणणारा तो जगातला एकटाच माणूस. गॅसवर चहा उतू गेला, त्याचा वास घरभर पसरला, तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो.

आदल्याच संध्याकाळी मी तिला दवाखान्यात भेटून आले होते. ताप उतरला होता. माझ्या साडीच्या रंगाला नावं ठेवण्याइतपत बरी दिसत होती. पाठीचा कणा लहानपणापासून वाकडा, त्यामुळे छाती आखडलेली, आणि थंडीत दर वर्षी हे असं व्हायचंच. मी निघताना तिने उशीखालून एक अर्ज काढला. पदवीच्या अभ्यासक्रमाचा. नोकरी करता करता इंजिनिअर व्हायचं तिने ठरवलं होतं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. म्हणाली, "ताई, घरी नेऊन नाव नीट बघ बरं. मागच्या वेळी तूच भरला होतास." आणि हसली. मीही हसले, पण ते हसणं मला जरा लागलंच. का लागलं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

फैजपूरजवळ आमची केळीची बाग. हरकबहादूर नेपाळातून आला आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, त्याला बागेची राखण दिली. तीन-चार वर्षांनी तो गावी गेला आणि परत आला तो पाठीवर पोर बांधून. आई गेलेली, डावा पाय पोलिओने लुळा पडलेला. नाव विष्णुमाया. आमच्या बागेत एवढं लांबलचक नाव कोण घेणार? दोन दिवसांत तिची बिसनू झाली. विहिरीजवळच्या खोलीत बाप-लेक राहायचे. वर्षभरात पोरगी आमच्यासारखी बोलायला लागली आणि बापाच्या मराठीला हसायलाही लागली.

तिला शाळेत घालायला नाना घेऊन गेले. रात्रभर राखण करून हरकबहादूर झोपला होता, त्याला कशाला उठवा, हा नानांचा विचार. हेडमास्तरांनी आडनाव विचारलं. नाना म्हणाले, "चौधरी लिवा. आमच्याच घरची पोर हाये." झालं. बिसनू हरक चौधरी. जन्मतारीख एक जून, कारण आमच्याकडे ज्याची तारीख कुणाला ठाऊक नाही तो एक जूनलाच जन्माला येतो. या नोंदीत काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. उलट सगळ्या गावाने नानांचं कौतुक केलं. मीही मिरवलं. मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, तिला सायकलवर मागे बसवून शाळेत न्यायचे. कुबड्या हँडलवर आडव्या. रस्त्यात कुणी विचारलं, कोणाची गं ही, तर मी काही बोलायच्या आत ती मागून ओरडायची, "नानांची!"

चालता येत नसल्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, तिचे हात फार विचारी होते. शेतावरची वीज तेव्हाही लहरी. कधी सकाळी यायची, कधी भर दुपारी. हरकबहादूर दिवसा झोपलेला, बिसनूला विहिरीपर्यंत धावता येईना, आणि मोटर वेळेवर सुरू झाली नाही म्हणून नानांची चिडचिड. आठवीत असताना तिने शाळेतली मोडीत काढलेली विजेची घंटा मागून आणली, वायरमनला आठवडाभर प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि ती घंटा खोलीच्या भिंतीवर बसवली. शेतात वीज आली की घंटा वाजायची, बाप उठून मोटर सुरू करायचा. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा हरकबहादूर काठी घेऊन चोर शोधायला बाहेर धावला होता. ते आठवून बिसनू पुढे कित्येक वर्षं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची.

ती दहावीत असताना जळगावच्या एका कॉलेजात कम्प्युटर आल्याची बातमी आमच्यापर्यंत पोचली. मी तिला दाखवायला घेऊन गेले. खोली थंडगार, पडदे लावलेले, आणि दारावर पाटी: चपला-बूट बाहेर काढावेत. तेव्हा कम्प्युटर म्हणजे देवघरच होतं. आता बिसनूच्या लुळ्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरच्या सळ्या खाली बुटातच बसवलेल्या. बूट काढायचा म्हणजे सगळा सांगाडाच काढायचा. आतल्या माणसाने मान हलवली, "धूळ चालत नाही." मला असा राग आला होता की मी भांडायलाच निघाले होते. तिने माझा पदर धरला. तासभर ती उंबऱ्याबाहेर कुबडीवर उभी राहून बघत होती. परतीच्या एसटीत नशिराबाद मागे पडल्यावर म्हणाली, "ताई, त्या यंत्राले फक्त हो अन् नाही एवढंच समजते. तेवढ्यावर एवढं करते ते. मले तेच शिकायचं हाये."

दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे चौतीस पडले. धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला अपंगांसाठी जागा राखीव होती. अर्ज मी भरला, माझं अक्षर चांगलं म्हणून. गुणपत्रिका जोडली, जळगावच्या दवाखान्यातला अपंगत्वाचा दाखला जोडला. त्या दाखल्यावर विष्णुमाया हरकबहादूर थापा असं लिहिलं होतं, कारण तिथे तिला बाप घेऊन गेला होता आणि त्याने खरं तेच नाव सांगितलं होतं. मी ते वाचलं. वाचूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. आमच्या घरात तिला आडनावाने कधी कुणी हाक मारलीच नव्हती, तर आडनाव बघणार कोण?

नाना, हरकबहादूर, बिसनू आणि मी, आम्ही चौघं धुळ्याला गेलो. खिडकीतले कारकून वयस्कर होते, शांत होते. दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, पाय अधू आहे ती मुलगी थापा. आणि गणितात एकशे चौतीस मिळवणारी चौधरी. मी प्रवेश कुणाला देऊ?"

हरकबहादूर पुढे झाला. "साहब, बेटी तो एकही है मेरी. देख लो, सामने खडी है."

त्यांनी पाहिलंही. खाली मान घालून म्हणाले, "मला दिसतंय हो. पण कागदाला दिसत नाही." त्यांचा दोष नव्हता. दोष आमच्या मायेचा होता, आणि हे उघड बोलायला मला इतकी वर्षं लागली.

धुळ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. शेजारी भाजीची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने कुबड्या पाहिल्या आणि मायेनेच विचारलं, "कोनी पोर शे वं तू?" कोणाची मुलगी तू, खान्देशात कुणीही कुणालाही विचारतं असा हा प्रश्न. बिसनूने आधी नानांकडे पाहिलं, मग बापाकडे... आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सायकलवरून ओरडणारी ती पोरगी मला आठवली. मी घाईघाईने म्हातारीला भाजीचा भाव विचारला.

घरी आल्यावर नाना म्हणाले, दवाखान्याचा कागद बदलून घेऊ, चौधरी करून टाकू, सोपं हाये. खरंच सोपं होतं. एक दाखला नवा काढायचा, बस्स. उलट दिशेने जायचं तर शाळेची नोंद, बोर्डाची गुणपत्रिका, राजपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि वर नेपाळात जन्मलेल्या मुलीला रहिवासाचा दाखला. बिसनू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "नाना, शाळेत मी तुमच्या नावानं गेली. पन दवाखान्यात बाच्या पाठीवर गेली. आता मले एकच नाव पाहिजे, अन् ते बाचं." नाना उठून गेले. आठ दिवस त्यांनी विहिरीकडचा रस्ताच सोडला. हरकबहादूर घाबरून पोरीला समजावत होता, ती ऐकत नव्हती. नवव्या दिवशी नाना आले ते धुतलेला सदरा घालून. केळीच्या चिकाचे काळे डाग नसलेला सदरा ते लग्नकार्याशिवाय घालत नसत. म्हणाले, "कागदं दे इकडं. माह्या तोंडानं बिघडलं, माह्या पायानं नीट करतो."

दोन वर्षं गेली. नानांनी तहसील, पोलीस पाटील, कलेक्टर कचेरी, पुण्याचं बोर्ड, सगळीकडे वहाणा झिजवल्या. बिसनू त्या खोलीत बसून सावद्यापर्यंतच्या शेतकऱ्यांचे स्टार्टर आणि रेडिओ दुरुस्त करत राहिली. तिच्या बरोबरीच्या मुली पुढे निघून गेल्या. एकदाच ती रडली माझ्यापाशी. म्हणाली, ताई, नाव मिळेल, पण तोवर जागा राहील का? मी तिचे केस विंचरून दिले, तेवढंच.

जागा राहिली. तिसऱ्या वर्षी विष्णुमाया थापाला प्रवेश मिळाला. धुळ्याहून तिची पत्रं यायची, पुढच्या पानापेक्षा मागच्या बाजूला जास्त लिहिलेली. एक पत्र मला पाठ आहे. "इथेही कम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढायला लावतात. मी सरांना म्हटलं, बूट काढला तर माझा पायच बाहेर राहतो. सर हसले नाहीत. म्हणाले, तू ये आत. ताई, मी आत गेले." त्यापुढे अख्खं पान कोरं होतं.

नंतरचं जळगावातल्या पुष्कळांना माहीत आहे. डिप्लोमा झाला, दुकानात नोकरी केली, मग तळमजल्यावरची खोली भाड्याने घेऊन तिने स्वतःचा क्लास काढला. तीन कम्प्युटर, एक पंखा, आणि हिशेबाच्या चुकीवर ओरडावं तशी मुलांवर ओरडणारी ही बाई. मुलं घाबरायची आणि सोडूनही जायची नाहीत. बापाला तिने बागेतून आणून जवळ ठेवलं. पदवी मात्र राहिली होती. कधी पैसे नव्हते, कधी छाती साथ देत नव्हती. तो अर्ज आता माझ्या कपाटात आहे. नाव मी अक्षर अन् अक्षर तपासलं... बरोबर आहे गं बिसनू. कुठेही चूक नाही.

मागच्या रविवारी आम्ही तिच्या क्लासची खोली आवरायला गेलो. नाना हट्टाने आले. पंचाहत्तरी उलटली, कमी दिसतं, पण सकाळीच बागेत जाऊन आले होते, वहाणांना चिखल तसाच. दारावर निळ्या अक्षरांची पाटी आहे. नानांनी ती डोळ्यांजवळ जाऊन, बोट ठेवून वाचली. "विष्णुमाया... हरकबहादूर... थापा." मग स्वतःशीच म्हणाले, "बरोबर लिवलंय." खालची ओळ बारीक होती, ती त्यांना लागली नाही. आत कम्प्युटर बघून, तिथे चपला काढायच्या असतात हे आमच्याकडून ऐकलेलं आठवून, ते भिंतीला धरून वाकले आणि वहाणा काढायला लागले.

हरकबहादूर पुढे आला. त्याने नानांचा दंड धरला. "नानाजी, रहने दो. बिसनू को नहीं चलेगा." आणि खालची ओळ त्याने वाचून दाखवली. त्याला अक्षरओळख नाही. लेकीने पाठ करून घेतली असणार. "पायात असेल ते घालून आत या."

नानांनी काढलेली वहाण परत पायात घातली, आणि बागेतल्या चिखलासकट ते आत गेले.