रविवारी निपाणीत

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर आजही गप्प बसलो असतो. तेवढा भित्रेपणा अजून शिल्लक आहे.

बेळगावात लोक मला मान देतात. लग्नाला गेलो की पुढच्या खुर्चीवर बसवतात. ‘आमच्या आईला ह्यांनीच चालवलं,’ असं पाहुण्यांना सांगतात. मी हात जोडतो. लबाड माणसाला हात फार छान जोडता येतात — कधी नीट बघा.

मी उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. मुंबईला जाऊन फिजिओथेरपी शिकून आलो तेव्हा आप्पांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘म्हंजे मालिश करतोस व्हय रं?’ गावानं तेच धरलं. इतकी वर्षं शिकून मी मालिशवाला! तो शब्द मला इतका लागला की पुढच्या आयुष्यातली निम्मी माती मी त्या एका शब्दापायी खाल्ली, असं म्हणायचा मोह होतो. पण तेही खरं नाही. माती मला आवडतच होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेळगावातल्या एका धर्मादाय संस्थेच्या केंद्रात मला नोकरी लागली. पोलिओ झालेली पोरं यायची — खानापूरकडची, कणकुंबीच्या रानातली, आईच्या काखेत बसून आलेली. मी त्यांच्या पायांचे व्यायाम घ्यायचे, कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराच्या लोखंडी पट्ट्या, बसवायचे, त्यांना दोन दांड्यांच्या मध्ये उभं करायचं. नोकरीत असेपर्यंत बाहेर पेशंट बघायचे नाहीत, असं कागदावर लिहून घेतलं होतं. मी सही केली होती.

संस्थेचे विश्वस्त वर्षातून दोनदा यायचे. पोरांच्या हातात केळी द्यायचे, फोटो काढायचे, हात धुवायचे आणि जायचे. हात मात्र साबणानं धुवायचे. मला त्यांची किळस यायची. मी स्वतःला त्यांच्याहून फार वरचा समजायचो. कशाच्या जोरावर? एका पदवीच्या. हसू येतं आता, पण ते चांगलं हसू नव्हे.

तिथं सुशीला आक्का आया होती. चाळिशीची, विधवा, अनगोळला एका खोलीत राहायची. शाळा चौथीपर्यंत. खोलीत बाबासाहेबांचा एक फोटो, एक स्टोव्ह आणि बाकी फारसं काही नाही. मी तिला आक्का म्हणायचो आणि अगंतुगं करायचो. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तरी ती मला ‘तुमी’ आणि ‘सर’ म्हणायची. यात मला काही वावगं वाटत नव्हतं. तुम्हाला वाटलं असतं का? खरं सांगा.

तिचं काम फरशी पुसायचं आणि पोरांना उचलून ठेवायचं. पण तिचा हात वेगळा होता. एकदा मी एका पोराच्या पायाचा तक्ता भरत होतो. प्रत्येक स्नायूला शून्य ते पाच असे आकडे द्यायचे असतात. मी नडगीवरच्या स्नायूला शून्य दिला — मेलेला. आक्कानं पोराला मांडीवर घेतलं, त्याच्या पावलावर आपला तळवा ठेवला आणि म्हणाली, ‘वर उचल की रं माझ्या वाघा. हात ढकल माझा. तुझा पाय लई रागावलाय माझ्यावर, व्हय का न्हाय?’ पोरगं हसलं. आणि तो स्नायू हलला. मुंगी हलावी एवढाच. पण मी बघितला.

मी शून्य खोडून एक लिहिला. आणि तिच्यावर चिडलो.

हे लक्षात ठेवा. पुढं जे केलं ते नुसत्या भीतीपोटी केलं, असं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. भीती होतीच. पण हा राग आधीचा होता.

दोन वर्षांनी मी निपाणीत जागा घेतली. मुद्दामच निपाणीत — बेळगावात कुणी तरी बघितलं असतं. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. त्याच्या पुतण्यानं मला शोधून काढलं, आणि त्यांच्याच इमारतीतली खालची खोली दिली. दर रविवारी सकाळच्या बसनं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. शेकाचं यंत्र, लाल दिवा, एक पलंग. दारावर पाटी लावली, ‘व्यायामोपचार केंद्र’. खाली नाव नाही. बिननावाची पाटी लावणारा माणूस कसला असतो, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पेशंट म्हणजे व्यापारी, त्यांच्या बायका, त्यांच्या सासवा. खांदा दुखतो, गुडघा दुखतो, मान आखडते. निम्म्यांना काहीही झालेलं नव्हतं. लाल दिव्याखाली वीस मिनिटं पडून राहायचे आणि ‘लई आराम पडला डॉक्टर’ म्हणायचे. मला त्यांची कीव यायची. पण ‘डॉक्टर’ म्हटलं की पाठ ताठ व्हायची, हेही खरं. उचगावच्या मालिशवाल्याला कुणी तरी डॉक्टर म्हणत होतं.

आक्काची बहीण निपाणीतच विड्या वळायची. तिची पोरगी मंगल, सात वर्षांची. डावा पाय पोलिओनं गेलेला, टाच आखडलेली. आक्का दर रविवारी तिला व्यायाम द्यायला जायची. पुढं त्या गल्लीतली आणखी तीन-चार पोरं बहिणीच्या अंगणात जमायला लागली. हे मला ठाऊक नव्हतं. तीही माझ्यासारखीच रविवारी निपाणीला जाते, हे एका दुपारी कळलं — मी खोलीच्या दारात उभा, आणि समोरून ती आली.

‘सर? तुमी हितं?’

‘एका ओळखीच्याकडं आलतो,’ मी म्हणालो.

पाटी माझ्या डोक्यावर होती. तिनं ती वाचली. चौथी शिकलेली बाई, तिला ‘व्यायामोपचार’ वाचायला किती वेळ लागणार? वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि नुसतं ‘बरं’ म्हणाली. मग जराशानं, ‘आलाच हायसा तर माझ्या भाचीचा पाय वाईच बघतासा का? हितनं चौथं घर. टाच सरळ हुईना झालीया.’

चौथं घर! आत माझा लाल दिवा चालू होता, त्याखाली एक जाडी बाई घोरत होती. मी म्हणालो, ‘तिला केंद्रात आण. नियमानं.’

नियमानं — हा शब्द मी वापरला. त्या पाटीखाली उभा राहून! पोरीच्या आईनं दिवसाची मजुरी बुडवून, पोरगी उचलून, दोन तास बसनं बेळगावला यायचं, आणि ते कशासाठी, तर मी चाळीस पावलं चालू नयेत म्हणून. आक्का ‘बरं सर’ म्हणाली आणि गेली.

तीन आठवड्यांनी संस्थेच्या अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. शनिवारची दुपार होती. अध्यक्ष म्हणजे रिटायर झालेला बडा अधिकारी. बोलताना समोरच्याकडं न बघता चष्मा पुसायचा. त्यांच्या मेहुण्याच्या कानावर निपाणीत काही तरी आलं होतं.

‘आपल्या केंद्रातलं कुणी तरी रविवारी तिथं पेशंट बघतं म्हणे. तुम्हाला काही कल्पना आहे का?’

ते मला विचारत नव्हते. माझ्यावर संशयच नव्हता. मला ती संधी वाटली — विचार करा, संधी! मी ‘कल्पना नाही’ म्हणालो असतो तरी त्या दिवशी सुटलो असतो. पण मग चौकशी चालू राहिली असती. ती मला थांबवायची होती. म्हणून मी जरा वेळ घेतला, अवघड वाटतंय असा चेहरा केला आणि म्हणालो,

‘सुशीला आक्का दर रविवारी निपाणीला जाते, साहेब. तिथल्या पोरांना व्यायाम देते. मला कळलंय.’

शब्द न् शब्द खरा होता. इतकं मोठं खोटं बोलायला मला एकही खोटा शब्द लागला नाही.

आणि ती कुठल्या गल्लीतली, कुठल्या घरातली, हे त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं आणि माझं नाव समोरासमोर आलं तर कुणाचं उचललं जाईल, हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यावरच हिशेब बांधला होता. जातपात मानत नाही, असं मी त्या काळी चारचौघांत फार बोलायचो.

तिला लगेच बोलावलं. मी तिथंच, भिंतीपाशी उभा.

‘तू रविवारी निपाणीला जातेस?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘व्हय साहेब.’

‘लोकांना व्यायाम देतेस?’

‘पोरास्नी देते.’

‘काय घेतेस त्यांच्याकडून?’

‘च्या पिते साहेब. भैनीच्या घरचा.’

अध्यक्ष हसले. मीही हसलो — त्यांच्यामागून, जरासा. त्या हसण्याची आठवण आली की अजूनही अन्न गोड लागत नाही, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? व्यवस्थित लागतं.

तिनं माझं नाव घेतलं नाही. एकदा माझ्याकडं बघितलं, तेवढंच. सोमवारपासून येऊ नकोस, असं तिला सांगण्यात आलं. अकरा वर्षं काम केलेली बाई. पाच मिनिटंही लागली नाहीत.

व्यायामाच्या खोलीत ती आपलं लुगडं आणि डबा घ्यायला आली. मी टेबलाशी तक्ते चाळत बसलो होतो. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग मला तिला तुच्छ लेखता आलं असतं.

ती हळू आवाजात म्हणाली, ‘मी काय बी बोलले न्हाय सर. मी गेले तर फरशी पुसाय दुसरी मिळंल. तुमी गेलासा तर पोरास्नी कोण हाय? तुमी शिकल्यालं हायसा. पोरास्नी तेवढं सोडू नगासा.’

मी ‘नाही’ म्हणालो. सोडणार नाही, या अर्थानं.

म्हणजे तिनं मला वाचवलं ते माझ्यासाठी नव्हतंच. माझी तिला किंमत किती होती, ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तिनं माझ्या पदवीला वाचवलं, पोरांसाठी. गावातला पहिला पदवीधर! आया त्याला ओळखून होती.

मी सात महिने राहिलो. निपाणीतली गर्दी वाढत होती, आठवड्याला तीन दिवस जावं लागेल अशी लक्षणं होती. मी राजीनामा दिला. अध्यक्षांनी शाल घातली आणि माझ्या निष्ठेवर बोलले. केंद्राला दुसरा शिकलेला माणूस मिळाला नाही — त्या पगारात येणार कोण? व्यायामाची खोली बंद झाली. दांड्यांवर वह्यांचे गठ्ठे ठेवलेले मी पुढं एकदा खिडकीतून बघितले. कणकुंबीचं एक पोरगं दांडे धरून नुकतं चार पावलं टाकायला लागलं होतं. त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायला काय लागत होतं?

राजीनाम्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी निपाणीच्या बसमध्ये चढलो तर आक्का आत बसलेली. आता ती अनगोळात दोन घरी भांडी घासायची, हे मला ऐकून माहीत होतं. बसमध्ये तिच्या शेजारची एकच जागा मोकळी होती. तिनं पिशवी मांडीवर घेतली, खिडकीकडं सरकली आणि म्हणाली, ‘बसा की सर.’

मी बसलो. काकती मागं गेली तशी ती बोलायला लागली. मंगलची टाच आता जमिनीला टेकते, म्हणाली. रोज रात्री गरम पाण्यात पाय ठेवून ताणायचा, असं तिनं बहिणीला शिकवलं होतं. हे सांगताना ती खूश होती — माझ्याशी बोलताना खूश! मग तिनं केंद्रातल्या एकेका पोराचं नाव घेऊन विचारलं. ह्याचा पाय कसा हाय, तिला कॅलिपर बसला का.

मी म्हणालो, ‘मी सोडलं केंद्र.’

‘कवा?’

‘गेल्या आठवड्यात.’

‘मग आता पोरास्नी कोण बघतंय?’

‘कुणी तरी येईल.’

कुणी येणार नाही हे मला माहीत होतं. तिलाही कळलं. तिनं पिशवी उचलली, माझ्या गुडघ्यांना धक्का न लावता बाहेर आली आणि पुढं जाऊन दांडा धरून उभी राहिली.

‘कुंदर्री आक्का, बसा, जागा आहे की,’ कंडक्टर अर्ध्या कानडीत म्हणाला. तिनं नुसतं डोकं हलवलं. संकेश्वर आलं, माणसं उतरली, सीटा मोकळ्या झाल्या. ती बसली नाही. मी खिडकीकडं सरकलो आणि तंबाखूची शेतं बघत राहिलो. दीड तास ती उभी होती. निपाणीत ती पुढच्या दारानं उतरली, मी मागच्या.

पुन्हा ती मला कधी भेटली नाही. काही वर्षांनी ती वारली; मला कळलं ते बाराएक दिवस उलटून गेल्यावर. मी अनगोळला गेलो नाही.

त्या रविवारी बसमधून उतरून मी खोली उघडली. बाहेर अकरा माणसं थांबली होती. अकराही तपासली.