देव झालेला ओटा
परवा एसटीची पायरी चढताना गुडघ्यात कळ आली आणि खर्ड्याच्या रस्त्यावरचा आमच्या गावचा थांबा आठवला. दुष्काळाचं साल होतं. दोन्ही पायांनी अधू असलेला माझा चुलतभाऊ बाजाराला जाताना माझ्या पाठीवरूनच गाडीत चढायचा, आणि लोक मला पुण्यवान म्हणायचे. त्यानं वर्षभर अर्ज करून थांब्यावर पायरीच्या उंचीचा दगडी ओटा मंजूर करून घेतला. आता तो एकटा सरकत चढणार होता. काम संपलं तसा मी रीतीप्रमाणं नारळ फोडला आणि दगडाला शेंदूरही फासला. बाजारादिवशी तो हातांवर सरकत आला, तर ओट्यावर फुलं वाहिलेली. गावातली एक म्हातारी ओरडली, "आरं, देवावर बसतो व्हय?" तो हसला. "अर्ज म्या केला, अन् जागा देवाला मंजूर झाली की!" मी पाठ वाकवली. "नगं," तो म्हणाला, "लई वाहिलंस." गाडी त्याला न घेताच निघून गेली. शेंदूर कुणी लावला हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. का लावला, ते मला पन्नाशीतही नीट उमगत नाही. भक्ती म्हणावी, तर तेव्हा मनात देव नव्हता. याला आता माझी गरज लागणार नाही, एवढंच होतं.